हैदराबादच्या हवेलीतून कल्याण कॅम्पाच्या बराकीत: सिंधी मुलींच्या पहिल्या पगाराचा इतिहास

उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या एखाद्या घराचा पत्ता पाहा. बराक क्रमांक, खोली क्रमांक, सेक्शन आणि शेवटी कॅम्प. पुष्कळ ठिकाणी बराक कधीच पडली, तिच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, तरी पत्त्यातून बराक जात नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या छावणीचा हिशेब अजून टपालाच्या पाकिटावर चालू आहे.

फाळणीच्या इतिहासात या बराकींचा उल्लेख येतो तो निर्वासित, उद्योजक, फर्निचर, जीन्स आणि 'मेड इन यूएसए' हा विनोद एवढ्यापुरता. (विनोद ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन.) आजच्या धाग्याचा विषय वेगळा आहे. सिंधमधल्या हैदराबाद शहरात ज्या मुलीने एकटीने गल्ली ओलांडली नव्हती, ती कॅम्पात आल्यावर घराबाहेर पडून कमावू लागली. हे कसे झाले, आणि या कमाईला स्वातंत्र्य म्हणता येईल का?

धागा मोठा आहे. सवडीने वाचा.

सुरुवात हैदराबादपासून करावी लागेल. दख्खनचे नव्हे, सिंधचे. घरांच्या छपरांवर वारा पकडणारे उंच झरोके, त्यांना सिंधीत 'मंघ' म्हणतात, ही या शहराची ओळख होती. समुद्राकडून येणारा वारा त्यातून थेट खालच्या खोल्यांत उतरे. घरातल्या बाईपर्यंत वारा पोहोचत होता. तिचे बाहेर जाणे मात्र लग्न, सण आणि देवदर्शन एवढ्यापुरते होते.

शहरातल्या हिंदूंचे दोन प्रमुख गट. आमिल म्हणजे मीरांच्या आणि पुढे इंग्रजांच्या दरबारी नोकरी करणारे, शिकलेले लोक. भाईबंद म्हणजे व्यापारी. भाईबंदांपैकी जे 'सिंधवर्की' म्हणून ओळखले जात, त्यांच्या पेढ्या कोबेपासून जिब्राल्टरपर्यंत पसरल्या होत्या. पेढीवरचा नोकर साधारण अडीच-तीन वर्षांच्या करारावर परदेशी जाई, मग काही महिने घरी येई आणि पुन्हा निघून जाई. बायको हैदराबादेतच. म्हणजे जगभर फिरणाऱ्या या समाजाचे अर्धे माणूस एकाच वाड्यात बसून होते. पुरुषाचा पासपोर्ट शिक्क्यांनी भरत होता आणि बाईचे जग गल्लीच्या टोकाशी संपत होते. व्यापाराच्या इतिहासात पेढ्यांची यादी असते. या थांबलेल्या बायकांचा हिशेब क्वचितच असतो.

आमिलांकडचे दुखणे निराळे. मुलगा जितका शिकलेला, तितका त्याचा भाव जास्त. हुंड्याला तिथे 'देती-लेती' असे नाव होते. देणे आणि घेणे. नाव ऐकायला मोठे समतोल, व्यवहार मात्र एकतर्फी. मुली असलेल्या आमिल कुटुंबाचे कंबरडे त्याने मोडत असे.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. नवलराय आणि हिरानंद शौकीराम आडवाणी या भावांनी ब्राह्मो समाजाचे विचार सिंधमध्ये आणले आणि मुलींच्या शिक्षणासाठी खटपट केली. न्यायाधीश दयाराम गिदुमल हे तर आपल्या इतिहासाशी थेट जोडलेले नाव. त्यांनी आणि बेहरामजी मलबारींनी १९०८ साली मुंबईत सेवा सदन स्थापन केले आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले. पुण्याच्या सेवासदनचा इतिहास सांगताना या सिंधी गृहस्थाचे नाव गाळले जाते, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

कायदाही झाला. सिंध प्रांताच्या विधिमंडळाने १९३९ साली देती-लेतीवर बंधन घालणारा कायदा संमत केला. स्वतंत्र भारताचा हुंडाबंदी कायदा १९६१ चा आहे. सिंध त्याच्या बावीस वर्षे पुढे होता. त्या काळात जेठी सिपाहीमलानी यांच्यासारखी स्वातंत्र्यलढ्यातली स्त्री सिंध विधानसभेची उपाध्यक्ष होती. कागदावर पाहिले तर हा प्रांत मागासलेला मुळीच वाटत नाही. पण कायदा एकीकडे आणि वरपक्षाची यादी दुसरीकडे, असे चालूच राहिले.

त्याच सुमाराला हैदराबादेत एक वादळ उठले. जवाहिऱ्यांच्या व्यापारातले लेखराज कृपलानी यांनी १९३६-३७ च्या सुमारास सत्संग सुरू केला, तो 'ओम मंडळी' म्हणून ओळखला जाऊ लागला. तिथे येणाऱ्यांत भाईबंद घरांतल्या बायका आणि मुली बहुसंख्य होत्या, आणि मंडळीचा कारभारही बायकांच्याच हाती होता. त्यातल्या अनेकींनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. परदेशातून परतलेल्या नवऱ्याला बायकोने सांगितले की आता आपला संसार पूर्वीसारखा राहणार नाही. शहर पेटायला एवढे पुरे होते. १९३८ मध्ये ओम मंडळीविरोधी समिती स्थापन झाली, दारापुढे निदर्शने झाली, खटले झाले, आणि १९३९ मध्ये सिंध सरकारने मंडळीवर बंदी घातली. मंडळी तोवर कराचीत गेली होती, पुढे १९५० मध्ये ती अबूच्या डोंगरावर गेली. आजच्या ब्रह्माकुमारी संस्थेचा उगम तो हाच.

धर्मविचार बाजूला ठेवून या प्रकरणाकडे पाहावे. ज्या समाजाने नवऱ्याचे तीन-तीन वर्षांचे दूर राहणे व्यापाराचा नियम म्हणून मान्य केले होते, त्याला बायकोने स्वतःहून दूर राहणे सहन झाले नाही. हैदराबादच्या कोंडीचे इतके स्पष्ट चित्र दुसरीकडे सापडत नाही. बाईला 'नाही' म्हणण्याची वाट हवी होती, आणि तेव्हा ती तिला देवाच्या नावानेच मिळू शकली.

याच शहरात १९२४ साली पोपटी हिरानंदानी यांचा जन्म झाला. आमिल घर. वडील लवकर गेले, आई विधवा, भावंडे लहान. घरात हुंड्यासाठी पैसा नाही आणि पुरुषाचा आधारही नाही. पोपटी शिकल्या आणि त्यांनी शिकवण्याचा पेशा पत्करला. आमिलांच्या जगात शिकलेल्या मुलीलाही किंमत मोजूनच सासरी जावे लागे. तिचे शिक्षण तिच्या बाजूने जमा धरले जात नसे.

मग १९४७ आले.

सिंधची फाळणी पंजाबपेक्षा वेगळी. प्रांत दुभंगला नाही, अखंडच पाकिस्तानात गेला. त्यामुळे सुरुवातीला अनेक हिंदू कुटुंबे थांबून राहिली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि धीर सुटला. कराची बंदरातून जहाजे भरभरून मुंबईकडे निघाली. दहा लाखांहून अधिक हिंदूंनी सिंध सोडला.

मुंबई त्यांना अगदीच परकी नव्हती. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता आणि तिथली महाविद्यालये १९४७ पर्यंत मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. हैदराबादच्या मुलीच्या पदवीवर शिक्का मुंबईचाच असे. पण मुंबई शहरात एवढ्या लोकांना जागा नव्हती आणि सरकारची तशी इच्छाही नव्हती. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या लष्करी छावण्या हाताशी होत्या. (कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांसाठी होती, ते गेल्यावर तिथे सिंधी आले आणि तिचे गांधीनगर झाले. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

सर्वांत मोठी छावणी कल्याणची. पाच कॅम्प, दोन हजारांहून अधिक बराकी. सुमारे एक लाख माणसे तिथे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्पातल्या बराकींकडे पाहून ज्याला हे नाव सुचले, त्याचा आशावाद दांडगा म्हटला पाहिजे.

बराक म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्या वास्तूतून येते. मधे लांबलचक दालन, दोन्ही टोकांना खोल्या. सैनिकांना भिंतीची गरज नव्हती, कुटुंबांना होती. म्हणून गोणपाट, जुन्या साड्या, चादरी बांधून आडोसे केले गेले. पलीकडच्या कुटुंबाचे भांडण, खोकला, रडणे सगळे ऐकू येई. नळ सार्वजनिक, संडास सार्वजनिक, शिध्याची रांग सार्वजनिक.

हैदराबादेत बाईचा पडदा म्हणजे केवळ डोक्यावरचा पदर नव्हता. अंगण, माडी, आतली खोली, नोकर, जाळीची खिडकी अशी सगळी वास्तूच पडदा होती. ती सिंधमध्ये राहिली. पाणी आणायला नोकर नव्हता, म्हणून बाई नळावर गेली. रांगेत उभे राहायला पुरुष मोकळा नव्हता, म्हणून मुलगी उभी राहिली. सुधारकांना पन्नास वर्षांत जे साधले नाही, ते एका सार्वजनिक नळाने काही महिन्यांत घडवले. यात आनंद मानण्याजोगे फारसे काही नाही. बाईने उंबरठा ओलांडला नव्हता, उंबरठाच उरला नव्हता.

सरकारचा मोफत शिधा कायमचा नव्हताच; १९४९ च्या सुमारास तो आवरता घेण्याचे धोरण आले. पैशाची गरज रोजची. बायकांना येत होते ते आधी विकायला निघाले: पापड, लोणची, शिवण, भरतकाम. सिंधी घरात पापड जेवणाचा भाग असतो, पाहुण्याला पाण्याबरोबर तोच पुढे केला जातो. पाहुणचाराची ही वस्तू बराकीच्या दारात वाळू लागली आणि बाजारात जाऊ लागली. पापड लाटणे हे घरात बसून करायचे काम, त्यामुळे अब्रूला धक्का न लावता पैसे देणारे. ज्या थोड्या शिकलेल्या होत्या त्यांच्यासाठी शाळा होत्या. कॅम्पात मुले अमाप होती आणि सिंधी माध्यमात शिकवणारी माणसे हवी होती. शिक्षिका, परिचारिका, टेलिफोन ऑपरेटर, कारकून ही त्या काळी मुलींना उघडी असलेली दारे. कॅम्पाला लागून रेल्वेमार्ग होता. कल्याणपासून बोरीबंदर सुमारे चोपन्न किलोमीटर. लोकलच्या महिलांच्या डब्यात डोंबिवलीच्या मराठी मुलींशेजारी सिंधी मुलगी येऊन बसली, ती याच काळात.

इथे थांबून एक गैरसमज दूर करू. कमावणारी मुलगी म्हणजे स्वतंत्र मुलगी, हे समीकरण आपण फार सहज मांडतो. मराठी वाचकांना तरी त्यातली मेख ठाऊक असायला हवी. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि पुण्या-मुंबईत गदारोळ उठला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट त्यात होती. घर तिच्या पगारावर चालते म्हणून तिच्या लग्नाचा विषय कोणी काढत नाही, हे उघडपणे लिहिले गेले होते. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या घरातली अशीच मुलगी ऋत्विक घटकांच्या 'मेघे ढाका तारा' (१९६०) या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. सगळ्या घराला पोसता पोसता ती झिजून जाते. म्हणजे पुणे, कोलकाता, कल्याण कॅम्प, गोष्ट एकच: मुलगी दाराबाहेर पडली, पगार मात्र घरात आला आणि वडिलांच्या हाती गेला. तिने कुठे काम करावे, किती वाजता परतावे, कोणाशी बोलावे, हे ठरवणारे तेच राहिले.

म्हणून पोपटी हिरानंदानींचे उदाहरण महत्त्वाचे. फाळणीनंतर त्या मुंबईला आल्या. त्यांची कर्मभूमी मुंबई, पण त्यांच्या वयाच्या, त्याच शहरातून निघालेल्या कितीतरी मुली कल्याण कॅम्पात उतरल्या होत्या. त्या मुलींनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, पोपटींनी लिहिले.

पोपटी कमावत होत्या, घरासाठीच कमावत होत्या. आणि तरीही लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा देती-लेती सिंध सोडून मुंबईत आलेलीच होती. जहाजात सामान कमी आणता आले, ही रीत मात्र सगळ्यांनी बरोबर आणली. हुंडा मागणाऱ्या स्थळाला पोपटींनी नकार दिला आणि त्या आयुष्यभर अविवाहित राहिल्या. हे दुःखाने पत्करलेले एकटेपण नव्हते, ठरवून घेतलेला निर्णय होता. पगारामुळे हा नकार त्यांना परवडला. पण पगार असलेल्या सगळ्याच जणींनी तो दिला नाही. माझ्या मते पोपटींचे स्वातंत्र्य मोजायचे ते या नकारापासून. नोकरी लागली त्या दिवसापासून ते मोजता येणार नाही.

ओम मंडळीतल्या बायकांनी व्रताचा आधार घेऊन जे 'नाही' म्हटले होते, तेच दहा-पंधरा वर्षांनी एका शिक्षिकेने कोणत्याही व्रताशिवाय म्हटले. दरम्यान बदलले होते ते एवढेच की तिला आसरा देणारा सत्संग नको होता. महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार पुरत होता, आणि ज्या गल्लीला उत्तर द्यावे लागले असते ती गल्ली आता दुसऱ्या देशात होती.

संस्थाही उभ्या राहत होत्या. हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद आडवाणी यांनी १९४९ साली मुंबईत हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड स्थापन केले. वांद्र्याचे नॅशनल कॉलेज त्याच वर्षीचे, चर्चगेटचे के. सी. कॉलेज १९५४ चे. या के. सी. कॉलेजात पोपटी सिंधीच्या प्राध्यापिका आणि पुढे विभागप्रमुख झाल्या. १९६५ मध्ये याच बोर्डाने उल्हासनगरात महाविद्यालय काढले, ते चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज. कॅम्पातल्या मुलीला पदवीसाठी मुंबईपर्यंत जाण्याची गरज आता उरली नाही. घरच्यांची परवानगी मिळण्याच्या दृष्टीने हे अंतर किती निर्णायक असते, हे लोकलने कॉलेजला जाणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारा.

पोपटी एकट्या नव्हत्या. त्याच १९२४ साली हैदराबादेत जन्मलेल्या सुंदरी उत्तमचंदानी यांची 'किरंदड दीवारूं' म्हणजे 'ढासळत्या भिंती' ही कादंबरी १९५३ साली आली आणि सिंधी साहित्यात बाईचा आवाज ठामपणे ऐकू येऊ लागला. सुंदरींनी लग्न केले, संसार केला आणि नवऱ्याच्या साथीने साहित्य-चळवळ चालवली. स्वावलंबनाची वाट अविवाहित राहण्यातूनच जाते असे नाही, हे लक्षात राहावे म्हणून हा दाखला. जेठी सिपाहीमलानींनी मुंबईत नवजीवन ही सहकारी गृहनिर्माण संस्था उभी करून निर्वासितांना हक्काची घरे मिळवून दिली.

आता अप्रिय भाग. कॅम्प सुस्थितीत आला तसे घराने बाईला पुन्हा आत बोलावले. साठ-सत्तरच्या दशकांत दुकाने चालू लागली, कारखाने निघाले, बराकीच्या जागी पक्के घर आले. गोणपाटाच्या आडोशाची भिंत झाली, भिंतीला दार आले, दाराला कडी आली. बाईने बाहेर काम करण्याची गरज नाही, हे सुखवस्तूपणाचे लक्षण ठरले. धंदा पुरुषाच्या नावावर, गल्ल्यावर पुरुष, आणि लग्नातला खर्च पुन्हा वाढता. जी मुभा गरजेने मिळाली होती ती गरज संपताच परत घेतली गेली. सगळ्या घरांत नाही, पण पुष्कळ घरांत. हा केवळ सिंध्यांचा दोष नव्हे. दोन्ही महायुद्धांत युरोपातल्या कारखान्यांत भरती झालेल्या बायकांना सैनिक परतल्यावर घरी पाठवण्यात आले, ती हीच रीत.

पोपटींनी मात्र मिळालेली मुभा परत केली नाही. साठांहून अधिक पुस्तके, सिंधी भाषेचे अध्यापन, आणि १९८० च्या सुमारास आत्मचरित्र: 'मुंहिंजी हयातीअ जा सोना रोपा वर्क', म्हणजे माझ्या आयुष्याची सोन्याचांदीची पाने. १९८२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. २००५ साली त्या गेल्या.

आत्मचरित्र अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहे. उल्हासनगरच्या आजच्या बहुतेक सिंधी मुलींना ती लिपी वाचता येत नाही. त्या हिंदी, मराठी, इंग्रजीत शिकल्या. १९६७ साली सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण सिंधी माध्यमाच्या शाळा टिकल्या नाहीत. इंग्रजी भाषांतर २०१० मध्ये आले, लेखिका गेल्यानंतर पाच वर्षांनी. मराठी वाचकाने आणि कॅम्पातल्या सिंधी मुलीने हे पुस्तक वाचायचे तर दोघांनाही ती वाट आहे.

१९४८ साली बराकीत दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. तुमच्या घरी, शेजारी, मैत्रिणीकडे अशी आजी असेल, तर तिला सिंध कसा होता हे जरूर विचारा. ते सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारा की तिने पहिली कमाई कशाची केली होती, आणि ते पैसे कोणाच्या हातात दिले होते.